जेवणाच्या टेबलावरची कंपनी

३ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधून आल्यावर भाऊजी आणि त्यांची बायको सुषमा नेहमीसारखे इकडेच. जेवणाआधी कंपनीची सभा, तीही नेहमीसारखी. भाऊजी टेबलाशी, मी पोळ्यांशी. मग हाक. "वहिनी, इथं एक सही."

विजय गेल्यापासून संचालक दोनच, भाऊजी नि मी. आज पहिल्यांदा कागद वाचला. सावेडीचा हा बंगला बिल्डरला विकायचं सर्वानुमते ठरलं. दोन्ही संचालक हजर होते.

"मी कधी हजर होते?"

"अहो, घरातच होतात की."

हात पिठाचे आहेत, म्हटलं. जेवणं झाली, भांडी झाली, तरी पिठाचेच.

५ नोव्हें.

सीएंकडे जाऊन आले. दोघा भावांनी घर कंपनीत घातलं तेव्हाही हेच होते. विजय म्हणायचा, कंपनीत असलं की वाटण्या होत नाहीत, भाऊ भाऊ राहतात.

"मॅडम, घर तुमचं नाही, कंपनीचं. निम्मी कंपनी तुमची."

"मग निम्मं घर?"

"एक वीटसुद्धा नाही."

खाली येऊन स्कूटरपाशी नुसती उभी. मागच्या दाराची पायरी, शेवटच्या आजारात विजय उन्हाला बसायचा ती. ती कंपनीची? कंपनीला ऊन कशाला...

परत वर गेले. तेव्हा कळलं, संचालक दोनच असले की दोघंही हजर लागतात. एक नसला तर सभाच होत नाही.

"हे मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

९ नोव्हें.

भाऊजींची रीतसर नोटीस. सभा सतराला, इथंच. पाठोपाठ सुषमाचा फोन. "बिल्डरकडून तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळतोय ताई, लिफ्टसकट. तुमचं लिहायचं टेबल काय, कुठंही मावतं."

वाईट नाहीत ही माणसं. विजयला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की भाऊजीच गाडी काढायचे. त्यामुळे राग नीट धरता येत नाही. सोडणारही नाही.

१७ नोव्हें., रवि.

चर्च चुकवलं. घराला कुलूप लावून सकाळच्या एस्टीनं बेलापूर, आईकडे.

भाऊजींचा फोन. "वहिनी, आम्ही पायरीवर बसलोय. किल्ली?"

"माझ्यापाशी."

"अहो, सभा आहे आज."

"मी नाही, म्हणजे सभा नाही."

मग, "शिकलात की."

आई शेंगा निवडत ऐकत होती. "कुनाची सभा गं?"

"माझी."

"मग तू हितं काय करती?"

परतीच्या एस्टीत नगर येईस्तोवर तेच डोक्यात.

२४ नोव्हें., रवि.

राहिलेली सभा नियमानं आपोआप पुढच्या रविवारवर, म्हणजे आजच्यावर आली होती. तीच वेळ, तेच टेबल. कणीक मळली नाही. विजयच्या खुर्चीत बसले.

"चहा?" भाऊजी.

"सभेनंतर."

सुषमा उठून आत गेली. डबे वाजले. "ताई, साखर कुठंय?" उत्तर दिलं नाही. सभा चालू होती.

बंगल्याचा विषय निघाला. माझा विरोध आहे, म्हटलं, तसं लिहा. भाऊजींचं पेन वरच.

"लिहा ना."

लिहिलं.

एकास एक. अशा वेळी अध्यक्षाचं मत दोनदा धरतात, भाऊजी म्हणाले. आणि आमच्या कंपनीला अध्यक्षच नाही. आजवर गरज कुठं पडली होती.

"मग आधी अध्यक्ष ठरवू," भाऊजी. "मी."

"मी," मी म्हटलं.

सुषमानं चहा आणून ठेवला, बिनसाखरेचा. दोघांनीही कप उचलला नाही.