सिन्नरपर्यंत आणि परत

१४ एप्रिल १९३५, रविवार

शिंदे गावापर्यंत गेलो आणि परत आलो. एकदाही न थांबता!

परतताना चेहेडीच्या पुलावर बैलगाड्यांची रांग लागली होती. कडेकडेने निघालो तर एक गाडीवान ओरडला — "काय चोरलं रं?" मी धावता धावताच म्हटलं, "चोर नाही, मास्तर आहे!" तो आणखीच हसला.

हसू दे. मला एकतिसावं लागलंय. शाळेत कवायत घेतो, चौथीला गणित शिकवतो. माझ्या वयाचे सगळे मास्तर पोट सांभाळत चालतात, आणि माझे पाय मला सिन्नरच्या रस्त्यावर वाऱ्यासारखे नेतात. हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही, फुशारकी वाटते. इथे सांगायला काय हरकत आहे?

व्यायाम मंडळाचं नक्की झालं. मॅरेथॉन २ जूनला. नाशिकरोड स्टेशनच्या मैदानातून सिन्नर आणि परत — सव्वीस मैल आणि वर थोडे यार्ड. पहिले दोघे पुण्याच्या मोठ्या शर्यतीला जाणार, मंडळाच्या खर्चाने. मी नाव दिलं. नसीमला अजून सांगितलेलं नाही.

१५ एप्रिल

सांगितलं. ती म्हणाली, "सिन्नरला मोटार जाते ना?"

२२ एप्रिल

सुट्टी लागली. आता पहाटे साडेचारला निघतो. सातनंतर रस्त्यावर पाय ठेववत नाही, फुफाटा तापतो आणि टोपीखाली डोकं भाजून निघतं. आज खिशात कांदा ठेवला होता. वासाने माझं मलाच नकोसं झालं.

चेहेडीला गोरक्ष भेटतो. दारणेच्या वाळूत त्याची टरबुजांची वाडी आहे. पूर्वी कुस्त्या करायचा, आता पळतो. तोही अनवाणी! मी कॅनव्हासचे बूट घातले की हसतो — "मास्तर, पायाला बी झाकून ठेवता का?" पण माणूस चांगला. शर्यतीत माझ्या पुढे कोणी गेलाच तर तोच जाईल. मागे ठेवलाच तर त्यालाच ठेवायला मजा येईल.

२६ एप्रिल

सलिमाआपा, माझी थोरली बहीण, आली मालेगावहून, चार मुलं घेऊन. दोन खोल्यांत आता आम्ही सात. रात्री मुलं माझ्या अंगावर पाय टाकून झोपली. पहाटे उठताना एकाला ओलांडलं, दुसऱ्याच्या हातावर पाय पडला. केवढा आरडाओरडा! आपा जागी झाली. "इनू, अरे अजानच्या आधी कुठे निघालास?" — "पळायला." — "कोणापासून?"

३० एप्रिल

आंब्याची पाटी आली. आपाच्या आग्रहापुढे काही चाललं नाही. पहाटे पोटात आंबे घेऊन धावू नये, एवढं आज कळलं.

५ मे, रविवार

मोहदरीचा घाट चढलो! वरपर्यंत! गोरक्ष अर्ध्यात चालायला लागला, मी नाही लागलो. माथ्यावर उभा राहिलो, खाली सगळा मुलूख भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा. कोणीही पाहायला नव्हतं. तरी मी दोन्ही हात वर केले.

७ मे

नको तेच झालं. पळशाच्या अलीकडे उजव्या टाचेच्या वर सटकन काहीतरी झालं, मागून कोणी दगड मारल्यासारखं. वळून पाहिलं तर कोणी नाही. घरापर्यंत लंगडत आलो. घरात म्हटलं, बूट चावला.

८ मे

नसीमला फसवणं कठीण. पाय पाहिला, बुरखा घेतला आणि मला टांग्यात घालून देवळाली गावात भागीबाईकडे नेलं. भागीबाई हाडं बसवते, शिरा चोळते. तिने बोट लावलं आणि मी किंचाळलो.

"शीर धरलीया. तुटली नाय, नशीब तुमचं. आठ दिस ह्यो पाय टाकून पळायचं नाय."

"पण बाई, शर्यत आहे."

"मंग एका पायानं पळा."

नसीम हसायला लागली. मीही हसलो, पण मनात दिवस मोजत होतो. आंबेहळदीचा लेप, दोन वेळा शेक. पंचवीस दिवस राहिलेत.

१० मे

गोरक्ष घरी आला, टरबूज घेऊन. म्हणाला, "जमिनीवर पळू नका म्हनली ना ती? पान्यात पळा." दारणेच्या डोहात कंबरभर पाण्यात पळायचं! याला डोकं आहे. माझं मलाच नवल वाटतंय — जो मला हरवणार तोच मला बरं करतोय.

११ मे

पाण्यात तासभर. पाय दुखत नाही! मांड्या मात्र पिळून निघाल्या. म्हशी एका बाजूला, मी एका बाजूला.

१३ मे

खाजामामू आले. माझे मामू आणि नसीमचे अब्बा, म्हणजे दोन्हीकडून मोठे. मालेगावात चार माग आहेत त्यांचे. दर मे महिन्यात आम्हाला न्यायला येतात, आम्ही जातो. या वेळी मी म्हटलं, "मामू, शर्यत झाली की येतो."

मामूंनी पानाचा डबा बंद केला. "म्हणजे मी मोटारीतून धूळ खात आलो, आणि जावई म्हणतो पळायचंय?"

आपाने डोळ्यांनी मला गप्प राहायची खूण केली. मी राहिलो नाही. पुण्याचं सांगितलं, मोहदरीचं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर माझ्या लेप लावलेल्या पायावर.

"माझे हात दिवसभर चालतात तर कापड निघतं," म्हणाले. "तुझे पाय चालून काय निघणार?"

मी लेपाचा पाय आत ओढून घेतला.

पण मग नसीम — बापासमोर कधी मान वर न करणारी — पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवून म्हणाली, "अब्बा, तुम्ही आपाला घेऊन जा. मी जात नाही. यांना पहाटे चहा कोण देईल?"

रात्रभर मला तेच आठवत राहिलं. मोहदरीच्या माथ्यावर एवढी छाती फुगली नव्हती.

१४ मे

मामू गेले नाहीत. "तमाशा पाहूनच जातो," म्हणतात.

१६ मे

मामू डोहावर आले, काठावर बसले. तासभर मला पाण्यात पळताना पाहिलं. उठताना एवढंच — "म्हैस बरी. ती निदान दूध देते." गोरक्ष हसून हसून पाण्यात पडला.

१८ मे

भागीबाईने पाय सोडला. "हळू पळा. लगीनघाई नगं."

जमिनीवर दोन मैल. देवा, जमीन!

२३ मे

घाटापर्यंत आणि परत. शीर बोलते, पण ओरडत नाही. ऊन मात्र सहालाच अंगावर येतं. परतल्यावर मीठ-लिंबाचं पाणी प्यायलो आणि दारातच आडवा झालो. डोळे उघडले तर मामू माझ्या तोंडावर पंखा हलवत होते. माझे उघडे डोळे पाहताच पंखा आपाच्या मुलाकडे दिला. "माश्या फार झाल्या," म्हणाले.

२९ मे

गल्लीतली पोरं आता चेहेडीपर्यंत मागे पळतात. स्टेशनवरचे हमाल म्हणतात, "मास्तर, आणा बिल्ला!" पूर्वी 'पळपुटे मास्तर' म्हणायचे.

१ जून

नसीमने बंडी शिवली. मामूंच्या मागावरचं कापड! ते त्यांनी ट्रंकेतून स्वतः काढून दिलं म्हणे, मला न सांगता. पाठीवर आकडा — सात. आपाने मुलांना संध्याकाळीच दटावून झोपवलं. घर एवढं शांत की झोप येईना.

२ जून, रविवार

बाद झालो. आज लिहवत नाही.

३ जून

आज लिहितो.

सहाला सुटायचं होतं. पाहुण्यांची मोटार आली पावणेआठला. मग हार, मग भाषण. आम्ही बावीस जण उन्हात उभे. निशाण पडलं तेव्हा माझ्या बंडीवर आधीच घाम होता.

शिंद्यापर्यंत सगळे एकत्र. घाटात गळती लागली. कोणी रस्त्याच्या कडेला बसलं, कोणी चालू लागलं. मी पाण्यात कमावलेल्या मांड्यांच्या जोरावर चढलो. घाटमाथ्यावर गोरक्ष आणि मी बरोबर. सिन्नरला वळसा घेतानाही बरोबर. तो म्हणाला, "मास्तर, लय तापलंय. बोलू नगा, नुसतं चला."

घाट उतरताना शीर बोलू लागली. शिंद्यापाशी ओरडू लागली. गोरक्ष पुढे निघाला, मी त्याला जाऊ दिलं. त्याच्या अनवाणी टाचा पांढऱ्या धुळीत उठत-पडत राहिल्या, मग लहान झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. पण मागे कोणी नव्हतं! कॅम्पातला एक शिपाई तिसरा होता, तो खूप मागे. म्हणजे दुसरा मीच. म्हणजे पुणे!

चेहेडीच्या पुलावर आमचं सगळं घर उभं. आपा, मुलं, नसीम. आपा आयुष्यात प्रथमच रस्त्यात ओरडली असेल — "इनू! इनू!" नसीमने घागर माझ्या डोक्यावर उपडी केली. तेवढं चालतं, नियमात आहे. मामू दिसले नाहीत.

पुलानंतरचा चढ मी रोज चढतो. काल तो संपेना. कानात शिट्टी वाजायला लागली. ऊन पांढरं झालं. स्टेशनची टाकी दिसत होती, मैदान तिच्यापलीकडेच, पाऊण मैलही नसेल. आणि बाजूला कोणीतरी धावतंय. लुंगी वर खोचलेली, टोपी हातात, तोंडाने धापा — मामू! अठ्ठावन्न वर्षांचे मामू माझ्या बाजूने पळत होते. "चल बेटा. चल. ती टाकी. बघ ती टाकी." मी टाकीकडे पाहिलं आणि टाकी आडवी झाली.

मी खडीवर पडलो. शुद्ध होती. मी उठणार होतो, हे मला नक्की आठवतं. तळहात जमिनीवर टेकले होते. पण मामूंनी मला काखेत धरून उभं केलं, आपल्या खांद्यावर माझा हात टाकला आणि मला घेऊन निघाले. सायकलवरचा पंच आला, शिट्टी वाजवली. "हात लागला. सात नंबर बाद."

मामूंना कळेना. "बाद म्हणजे? मी धरलं नाही तर पोरगा मरेल ना!" पंचाने नियम सांगितला. मामूंनी तो दोनदा ऐकला. मग माझा हात खांद्यावरून असा काढला, जणू माझ्या अंगातलं काहीतरी त्यांच्याकडून फुटलं होतं.

मी मैदानापर्यंत गेलो. चालत, पण गेलोच. गोरक्ष पहिला. शिपाई दुसरा. बिल्ला गोरक्षच्या छातीवर पाहिला आणि मला खरंच आनंद झाला. तो मात्र माझ्याकडे पाहून रडला, वेडा.

मला राग आला का? आला. रात्री आला, भिंतीकडे तोंड करून आला. पण सकाळी उठलो तेव्हा डोळ्यांसमोर लुंगी खोचून पळणारे मामू होते. माझ्यासाठी असं कोण पळालंय? पुण्यात पहिला आलो असतो तरी हे मिळालं नसतं.

हे त्यांना सांगायला हवं.

४ जून

उशीर झाला. मामू पहाटेच्या मोटारीने गेले. जेवले नाहीत कालही. नसीमला म्हणाले, "त्याच्या पायांतून काय निघतं ते कळलं मला. आणि मीच ते मोडलं."

आपाही गेली मुलांना घेऊन. घर मोठं वाटतंय.

५ जून

पाय सुजलाय. भागीबाई म्हणाली, "सांगितलं व्हतं." शाळा सोमवारी उघडते.

८ जून

गोरक्ष आला. मंडळात गडबड चाललीय. त्याला पुरे चार तास लागले. पुण्याच्या लोकांनी वेळ पाहून विचारलं म्हणे, हा पळाला की चालला? गोरक्ष चिडलाय. "मी चाललो? त्या घाटात येऊन बघा म्हनावं!" म्हणून आता रस्ता ओव्हरसियरकडून साखळीने मोजून घेणार आहेत. मोजू देत. मला त्यात काय.

११ जून

मंडळाचे सेक्रेटरी स्वतः घरी आले. सिन्नरला वळशाचा झेंडा रोवणाऱ्या गड्याला मैलाच्या दगडापाशी सावली मिळाली नाही, म्हणून त्याने तो अर्धा मैल पुढे, वडाखाली रोवला होता. जाऊन-येऊन एक मैल जास्त! म्हणजे खरी शर्यत मैदानाच्या मैलभर अलीकडे, चेहेडीच्या चढावर, बाभळीपाशी संपली. तिथे माझ्या पुढे फक्त गोरक्ष होता. मी पडलो तो बाभळीच्या बराच पुढे. मंडळाने ठरवलं, पुण्याला गोरक्षबरोबर मी!

नसीमने डबा बांधलाय. मालेगावची मोटार अडीचला आहे. लिहून कळवण्यासारखं हे नाही, मीच जातो. शाळेत आज रजा सांगितली.

मामूंना एवढंच सांगायचंय — तुम्ही मला उचललंत तेव्हा माझी शर्यत पुरी झाली होती.