मागनं आलेल्या ट्रॉल्या

१२ जानेवारी १९९७, रविवार. सोमेश्वरनगर.

आज दादा हरला! आणि हरवलं त्याच्याच ट्रॅक्टरनं.

काल जेवताना मी सहज सांगून बसले, की ध्रुवावरच्या जुन्या बर्फात अडकलेल्या हवेवरून कळतं, पूर्वी पृथ्वी तापली तेव्हा कार्बन डायऑक्साइडही वाढला होता. दादानं लगेच धरलं, "आधी काय वाढलं?" म्हटलं, आधी थोडी उष्णता, गॅस नंतर. झालं! "मागनं आला, मग त्याचा काय दोष?" कॉलेजात भूगोल शिकवते मी, पण धड उत्तर सुचेना. मग झोपेपर्यंत डोक्यात तेच. मागनं आला, मागनं आला.

सकाळी त्याच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून कारखान्याकडे निघाले. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. कॅनॉलच्या पुलावरून उतार लागला तसा दादा ओरडला, "शैले, घट्ट धर! ट्रॉल्या रेटायला लागल्यात!"

"मागनं आल्यात ना? मग त्यांचा काय दोष?"

दोघंही इतके हसलो की डोळ्यांत पाणी आलं. सुरुवात गॅसनं केली नसेल, पण मागून येऊन रेटलं त्यानंच. एवढंच तर मला म्हणायचं होतं!

खाली सपाटीला आल्यावर दादा म्हणाला, "व्हय गं. पण पृथ्वीच्या आत्ताच्या उताराला ब्रेक कुणाच्या पायाखाली हाय?"

काय प्रश्न विचारला पठ्ठ्यानं! वर 'दादा हरला' लिहिलंय, ते खोडते.