तिसावा दिवस रविवारी आला

विस्कॉन्सिन, २ मे

ती. वेल्माताईस,

धाकट्या अर्विनचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात आणि हॅरल्डभावोजींचा खोकला हटला का? इकडे सगळं ठीक. बर्फ वितळलं, माझ्या बायकोने, एडनाने, टोमॅटोची रोपं लावली आणि दुसऱ्याच दिवशी ती सशाने खाल्ली (रोपं, एडना खुशाल आहे).

पत्रास कारण की, माझ्या नोकरीची हकिगत तुला कधी धड सांगितलीच गेली नाही. लोणच्याच्या कारखान्यात मला बावीस वर्षं झाली, हे तू जाणतेसच. मागच्या उन्हाळ्यात काकड्या कापायच्या यंत्राच्या पात्यावरची जाळी कारखान्याने काढून ठेवली. का, तर तिच्यामुळे काकड्या अडतात! जुलैत माझ्या शेजारी काम करणाऱ्या मारिसोलचा हातमोजा पात्यात ओढला गेला. हात वेळेवर निघाला, पण मोज्याचा अंगठा काही सापडला नाही (तो कुणाच्या बरणीत गेला, देव जाणे). मी आमच्या प्रुएटसाहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "अर्विन, तू काकड्यांकडे बघ." मग मी कामगारांच्या सुरक्षेच्या सरकारी कचेरीत फोन केला. तपासनीस आला, जाळी बसली, आणि एक ऑगस्टला साहेबांनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं की तुझी जागा रद्द होते आहे, पंधरा तारखेपर्यंत ये. वर निरोपाची म्हणून लोणच्याची बरणी दिली. (मी ती उजेडात धरून पाहिली. अंगठा नव्हता.)

असा सूड उगवला तर तक्रार करता येते, एवढं मला माहीत होतं. पण किती दिवसांत? शेजारच्या एल्मरने छातीठोक सांगितलं, "सहा महिने असतात रे! माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. चल, मासे मारायला." (मेव्हण्याचं भांडण कोंबड्यांवरून होतं, हे मागाहून कळलं.) उरलेला ऑगस्ट आम्ही तळ्यावर काढला. मासा एकच मिळाला, तोही एल्मरला.

महिनाअखेरच्या रविवारी चर्चच्या जेवणात बटाट्याच्या सॅलडपाशी मारिसोल भेटली. तक्रार नोंदवलीस ना, म्हणाली. मी म्हटलं, घाई काय आहे? तिच्या हातातला डाव सॅलडमध्येच बुडाला. "अरे बाबा, तीस दिवस असतात! आणि तुला सांगितलं त्या दिवसापासून मोजतात, काम सुटल्यापासून नाही. आपल्या कारखान्यातल्या जेवणाच्या खोलीत एवढा मोठा सरकारी फलक लावलाय, त्यावर लिहिलंय की." मी म्हटलं, मला तर कधी दिसला नाही. "दिसेल कसा? त्याच्यावर तूच बोलिंगच्या सामन्यांचं वेळापत्रक ठोकलंयस!" ताई, खरं होतं. चार टाचण्या, माझ्या हातांनी.

तिथेच बोटांवर दिवस मोजले. तिसावा दिवस तोच! घरी धावलो. कचेरीचा फोन बंद. तक्रार संगणकावरूनही करता येते म्हणून बसलो, तर अर्ध्या अर्जात इंटरनेट गेलं (केर काढताना एडनाने तार उपटली होती, हे बुधवारी उघड झालं). सोमवारी सप्टेंबरातल्या कामगार दिनाची सुट्टी. गावात बँड वाजवत मिरवणूक चालली होती, कामगारांचा जयजयकार होत होता, आणि हा बेकार कामगार कडेला सॉसेज हातात धरून रडकुंडीला आला होता. बावीस वर्षं मातीत गेली, असंच वाटत होतं. एडना म्हणाली, "खा तरी, नाहीतर इकडे दे."

मंगळवारी फोन केला तो नुसता विचारायला, की उशीर झालेल्याने काय करावं. पलीकडे यान्सी नावाच्या बाई होत्या. कधी सांगितलं तुम्हाला, म्हणाल्या. मी तारीख सांगितली. "म्हणजे तिसावा दिवस रविवारी आला, आणि काल सुट्टी. तुमची मुदत आज संपते. बोला, मी लिहून घेते." वकील नको, कागद नको, तोंडी सांगितलेलं चालतं! मग मी पाऊण तास बोललो. "साहेब," बाई मधेच म्हणाल्या, "माशाचं मी लिहीत नाहीये."

चौकशी सहा महिने रेंगाळली. शेवटी मार्चमध्ये कारखान्याने तडजोड केली आणि बुडालेल्या पगारासकट मी पुन्हा यंत्रावर उभा राहिलो. पहिल्या दिवशी आधी ते वेळापत्रक काढलं. मारिसोलने सगळ्यांना रांगेने उभं करून फलक मोठ्याने वाचायला लावला. प्रुएटसाहेब दारातून पाहत होते. हल्ली काकड्यांकडे तेच बघतात.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
अर्विन

ता.क. एल्मर आता गावभर सांगतो की तीस दिवस हे त्यानेच मला सांगितलं होतं.

आणखी एक ता.क. आता खरं कारण. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गॅस गळतोय असं सांगितलंस म्हणून तुला तिथल्या नोकरीवरून काढलं. मी विषय काढला की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र, आणि तेही जलद टपालाने. सात एप्रिलला सांगितलं आणि मेअखेरपर्यंत ये म्हणाले, असं तूच लिहिलं होतंस. ताई, तुझा तिसावा दिवस येत्या गुरुवारी आहे. जूनमध्ये नाही. तू नेहमी ता.क. आधी वाचतेस, तसंच वाचत असशील तर वरचं सगळं राहू दे, पाठीमागे लाल शाईत नंबर लिहिलाय, तो फिरव. नोकरी परत नको असेल तर नको घेऊस. पण "जाऊ दे, माझं वय झालं" म्हणू नकोस. तुझ्या जागी जी पोरगी येईल, ती सकाळी त्याच शेगडीपाशी काडी ओढणार आहे.

फोन झाला की माझ्यावर हवं तेवढं रागाव. त्याला मुदत नाही.