पाहुणे जेवून गेल्यावर

२ डिसेंबर, जळगाव

माणसाने माणसावर आजवर जे अत्याचार केले, त्यांत भरीत-पुरी खाऊन आडवं झालेल्या गृहस्थाला दुपारी फोन करणं हा सर्वांत निर्घृण अत्याचार आहे. इतिहासात त्याची नोंद नाही. म्हणून इथे करतो.

फोन सावद्याहून. मयुरी नावाच्या शिक्षिका, महिला मंडळाच्या दिग्दर्शिका. ‘‘सर, स्पर्धेसाठी एखादी एकांकिका सुचवा ना. आत्ताच्या लेखकांची. पाऊण तासाची. सगळ्या बायकाच आहोत, पुरुषांची कामंही आम्हीच करतो. संदेश हवा. आणि मारामारी नको.’’

गेली वीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची सालं काढतोय, तरी जिल्ह्यातल्या मंडळांना मी फक्त एकांकिका सुचवणारा म्हणून लागतो. मेडिकलवाल्याकडे गोळी मागावी तसं मागतात— ‘काहीतरी हलकं द्या!’

तीन सांगितल्या. पहिली ‘उकिरड्यावरची सभा’— सरपंचाचं भाषण आणि शेवटी डुकरांचा ठराव. विनोद बरा, पण मंडळातल्या तीन जणींचे दीर आसपासच्या गावांत सरपंच निघाले. दुसरी ‘बापाची खोली’— दोघं भाऊ मयताच्या खाटेवरून भांडतात. लेखक तरुण आहे, त्याला अजून वाटतं की लोक मरण ऐकून गप्प बसतात. तिसरी धुळ्याच्या पुनमची— ‘पाहुणे जेवून गेल्यावर’. एक जोडपं, घरात पाहुणे. नवरा हसतो, आग्रह करकरून वाढतो. पाहुणे जातात. तो दार लावतो.

‘‘यात मारामारी आहे का सर?’’

‘‘यात तीच आहे, बाई. हीच करा.’’

५ डिसेंबर

मयुरीबाईंचा फोन. बायकोचं काम करायला पाच जणी तयार. मार खाऊन रडलं की बक्षीस ठरलेलं! नवरा व्हायला कोणी नाही. ‘मला मेलीला मिशी कशी दिसेल’ ही पहिली अडचण, ‘घरचे काय म्हणतील’ ही दुसरी. शेवटी कोकिळा नावाची बाई हो म्हणाली. तिचा खरा नवरा हितेंद्र, केळीचा मोठा व्यापारी.

‘‘सर, ती तर सत्यनारायणाच्या आरतीतसुद्धा तोंड उघडत नाही. कसं व्हायचं?’’

म्हटलं, नवऱ्याला संवाद थोडेच आहेत. त्याचं काम हाताने आहे.

११ डिसेंबर, सावदा

तालीम पाहायला गेलो. शाळेच्या हॉलमध्ये. कोपऱ्यात कोकिळेची सासू बेबाबाई शेंगा सोलत बसलेली— सुनेला आणते, सुनेला नेते. पहारा! कोकिळा खरंच मुकी वाटावी अशी. मयुरीबाई स्वतः बायको झाल्या होत्या.

पाहुणे जेवून गेले. कोकिळेने दार लावलं.

पुनमच्या संहितेत पुढे इतकंच आहे : ‘तो तिला मारतो.’ कोकिळेने मारलं नाही. आधी घड्याळ काढलं. पट्टा नीट गुंडाळला. रुमाल अंथरला, त्यावर घड्याळ ठेवलं. टीव्हीचा आवाज वाढवला. मग अगदी मायेने विचारलं, ‘‘भाजीत मीठ कोणी टाकलं होतं?’’ आणि तळहात हाणला तो थेट कानावर, केसांच्या आत. तिथे वळ दिसत नाही. पडल्यावर लाथ पोटरीला— तीही लुगड्याच्या आत. मधेच थांबून टीव्हीकडे पाहिलं. पुन्हा लाथ.

मयुरीबाई खऱ्या किंचाळल्या.

‘‘हे कोणी बसवलं?’’ मी विचारलं.

‘‘कोणीच नाही सर. तिचं तिनेच.’’

‘‘कुठे शिकलात हो तुम्ही?’’

‘‘घरी,’’ कोकिळा म्हणाली. मग वाकून, ‘‘मयुरी, लागलं का गं जोरात? उद्या हात मऊ सोडते.’’

कोपऱ्यात शेंगा फुटायच्या थांबल्या होत्या. तेवढंच.

१२ डिसेंबर

‘असा अभिनय जन्मात पाहिला नाही’ असं काल तिला तोंडावर म्हणून आलो. ‘घरी’ हा शब्द ऐकल्यानंतर म्हणालो! जीभ झडली कशी नाही माझी?

१४ डिसेंबर

पुनमला तालमीची चित्रफीत कोणीतरी पाठवली. भडकली. ‘‘नाना, मना नाटकमा घड्याय नही शे! कोनी टाकं ते?’’ सांगितलं कोणी टाकलं, कुठून आणलं. तिचा आवाज उतरला. मग, ‘‘राहू द्या मंग. पन ती बाईले इचारा, करनं शे का बंद करनं शे.’’

विचारलं. कोकिळा स्वतः फोनवर आली, पहिल्यांदाच. ‘‘बंद नाही करायचं, सर. घरात मी एकटी पाहते त्याला. तिथे सगळा हॉल पाहील. एकदा पाहू द्या. मग माझं काय व्हायचं ते होवो.’’

म्हटलं, होवो कसं? पण फोन मयुरीबाईंकडे गेला होता.

२१ डिसेंबर, जळगाव

प्राथमिक फेरी. हितेंद्र दुसऱ्या रांगेत, सोबत भाऊबंद, सोयरे, दोन व्यापारी. कोकिळा मिशी लावून आली तशी त्यानेच पहिली टाळी दिली. ‘‘आमच्या घरात आता दोन मर्द!’’ भोवतालचे खिदळले.

दार लागलं. घड्याळ निघालं. पट्टा गुंडाळला गेला. रुमाल.

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग एक एक मान वळायला लागली— रंगमंचाकडे नाही, दुसऱ्या रांगेकडे. भाऊबंदांनी घड्याळ काढायची ही तऱ्हा आयुष्यभर पाहिलेली! हितेंद्रने उजव्या पंजाने डावं मनगट झाकलं. शेवटपर्यंत तसाच.

धुळ्याच्या अंतिम फेरीसाठी निवड. कोकिळेला पुरुष भूमिकेचं बक्षीस. तिने ते सासूच्या हातात दिलं.

२३ डिसेंबर

सावद्यात केळीच्या वजनकाट्यावर हमालसुद्धा विचारतात म्हणे, ‘‘शेठ, किती वाजले?’’ ऐकून पोट धरून हसलो.

संध्याकाळी मयुरीबाईंचा फोन. कोकिळेचा उजवा हात दोन ठिकाणी मोडलाय. मोरीत पडली म्हणे.

मोरीत! काय एकेक मोऱ्या आहेत आपल्याकडे. बायकांचा चुरा करून टाकतात.

२४ डिसेंबर

आज हितेंद्र माझ्याकडे आला. चपला दाराबाहेर नीट काढल्या. पाणी घेतलं, थँक्यू म्हणाला. ‘‘ते नाटक तुम्हीच सांगितलं ना, सर?’’

हो म्हटलं.

त्याचा हात मनगटाकडे गेला.

मी पळू शकलो असतो. दार चार पावलांवर होतं. पण माणूस घड्याळ काढायला लागला की आपण त्या घड्याळाकडेच बघत राहतो. कुठे ठेवतो, रुमाल आहे का, काच वर की खाली. रुमाल होता. माझ्या पुस्तकांच्या कपाटावर अंथरला.

पहिला कानावर. दुसरा तोंडावर— मी बायको नसल्यामुळे तोंडाची सूट नव्हती. दाढ निघाली. खाली पडलो तेव्हा बरगडीत लाथा, मोजून मापून, घाई नाही. मी ओरडलो. मयुरीबाई तालमीत ओरडल्या होत्या हुबेहूब तसाच. मग त्याने घड्याळ चढवलं आणि म्हणाला, ‘‘येतो, सर.’’

शेजारचा लीलाधर नंतर आला. आधी आला नाही, कारण मालिका चालू होती. रक्त पुसायला मदत केली. ‘‘सोडून द्या, सर. घरातली गोष्ट दिसते. पोलीस कशाला?’’

अरे, पण हे घर माझं आहे!

तरी नाही गेलो. यावर फर्मास लेख होईल असं वाटत होतं.

२६ डिसेंबर

डाव्या कानात कुकर चढलाय. शिट्टी होत नाही. लेखही होत नाही.

२९ डिसेंबर

कोकिळेचा फोन काढून घेतलाय. बाहेरून कडी. मयुरीबाई रडत होत्या. म्हटलं, नाव मागे घ्या. आधी तिचा जीव.

तासाभराने त्यांचाच फोन. रडणं बंद. ‘‘सर, बेबाबाई आल्या होत्या. म्हणाल्या, नवऱ्याचं काम मी करते. मुलाला त्यांनी सांगितलंय— बक्षीस घरात आलं, आता माघार घेतली तर गाव हसेल. आणि मले पाठ होत नाही, सुनले मांगे उभी ऱ्हाऊ दे सांगायले.’’

हितेंद्र हो म्हणाला! आईच्या मनगटावर घड्याळ नाही, ती काय काढणार!

४ जानेवारी, धुळे

हितेंद्र पहिल्या रांगेत. मी मागे, खांबाआड. बरगडी दुखत होती, बाकी भ्यालो होतो.

बेबाबाई धोतर, सदरा, पांढऱ्या टोपीत. पाहुण्यांना वाढताना वाक्यं अडखळत होती. विंगेतून कोकिळा सांगायची, प्लास्टरचा हात गळ्यात.

पाहुणे गेले. दार लावलं.

म्हातारीने टोपी काढली. आतून फुंकली. दोन्ही कडा जुळवून घडी केली आणि भिंत नव्हती तिथल्या खुंटीवर अडकवल्यासारखं केलं. हॉल गोंधळला, हे काय? पहिल्या रांगेत एक माणूस गोंधळला नाही. त्याची मान खांद्यात गेली होती.

कोकिळेने विंगेतून मिठाचं वाक्य सांगितलं. दोनदा सांगितलं. बेबाबाईंनी घेतलंच नाही. मयुरीबाईंच्या झिंज्या धरल्या, डोकं जमिनीला टेकवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘आवाज करू नको. पोरगं झोपेल आहे.’’

हितेंद्र उभा राहिला. ‘‘आई.’’ मोठ्याने नाही. पण ऐकू गेलं.

बेबाबाईंनी वर पाहिलं नाही. ‘‘झोप तू,’’ म्हणाल्या. आणि हात खाली आणला.

त्याने दोन्ही हातांनी कान झाकले. पडदा पडेपर्यंत तसाच उभा. एवढा मोठा व्यापारी!

दया आली का? आली. मग दाढेच्या खड्ड्यात जीभ गेली.

६ जानेवारी

सून माहेरी गेली, जामनेरला. सासूला घेऊन! बेबाबाईंनी ठाण्यात स्वतः जबाब लिहून दिलाय— माझ्या मुलाने माझ्या सुनेचा हात मोडला, मी पाहिलं. अंगठा नाही, सही केली.

आज सकाळी मीही ठाण्यात गेलो. ‘‘इतके दिवस काय करत होता, सर?’’ अंमलदाराने विचारलं. काहीतरी चुरचुरीत सुचलं होतं. बोललो नाही. तारीख सांगितली, घडलं ते सांगितलं, दाढेचा खड्डा दाखवला.

बेबाबाईंच्या सहीच्या जोडीला माझी एक सही बाकी होती. करून आलो.