फिकट बाळाचं निदान

३ फेब्रुवारी
प्रसूती विभागाला शिकाऊ डॉक्टरांची नवी सहा रत्नं मिळाली! बाळांचे डॉक्टर महिनाभर रजेवर, म्हणून नवजात बाळांची खोलीही माझ्याच गळ्यात. एकाला विचारलं, नाळ लगेच का कापत नाहीत? म्हणाला, "आईला धक्का बसू नये म्हणून." धन्य! सगळ्यांसमोर त्याला सोलून काढलं. वारेतलं रक्त बाळात उतरू द्यायचं, नाहीतर पुढे त्याच्या अंगात रक्त कमी पडतं— हे पाचव्यांदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

५ फेब्रुवारी
सातव्या महिन्यातच एक बाळ झालं. अकराशे ग्रॅम. नाळ कापायला आम्ही पूर्ण मिनिट थांबलो. घड्याळ गोगलगायीच्या हातात होतं— सहाजणांतली ती मुलगी, बोलत काही नाही, नुसती मोजत असते. आईची आधीची तीन बाळं गेलेली. "हे तरी राहू द्या, मॅडम." मी म्हटलं, काही कमी पडू देणार नाही.

९ फेब्रुवारी
बाळ फिकट दिसतंय. हिमोग्लोबिन सोळाचं बारा! सहाही रत्नांना कामाला जुंपलं. प्रत्येकाने एकेक कारण शोधायचं आणि तपासणी करून सिद्ध करायचं. रक्त काढण्यात हातही बसेल. एका दगडात दोन पक्षी.

१२ फेब्रुवारी
जंतुसंसर्ग! आईशी रक्तगट जुळत नाही! एकाने असा आजार काढला की मलाच गुपचूप पुस्तक उघडावं लागलं. प्रयोगशाळेतले म्हणतात, "नमुना गोठला, परत पाठवा." परत पाठवला. मोठ्या सिस्टर पुटपुटल्या, "लेकराला जरा उसंत द्या की." त्यांना काय कळणार संशोधन! केस दुर्मिळ आहे. परिषदेत मांडायची. नवऱ्याला जेवताना शीर्षकसुद्धा ऐकवलं. तो म्हणाला, "बाळ कसं आहे?"

१५ फेब्रुवारी
हिमोग्लोबिन नऊ. तपासण्या सगळ्या स्वच्छ. सहाजणांची बिनपाण्याने केली. "डॉक्टर होणार म्हणे! समोरचं दिसत नाही तुम्हाला!" सगळे माना खाली घालून उभे. गोगलगाय तेवढी तक्त्याची पानं उलटत होती. म्हटलं, "मोज बाई, तुला तेवढंच येतं."

१६ फेब्रुवारी
सात. दोनदा श्वास थांबला. पाठ चोळून परत आणला. मी घाबरले आहे.

१७ फेब्रुवारी
गोगलगाय कागद घेऊन आली. एवढ्याशा बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम शंभर मिली. बारा दिवसांत आपण नळ्या भरभरून काढलं अडतीस. "आपणच काढलंय, मॅडम." आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागलं. तपासणीच्या प्रत्येक कागदावर सही माझी. इतके दिवस सहापैकी कुणी तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडलं की मी काय करते ते त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

सगळ्या तपासण्या बंद. बाळाला रक्त चढवायचं ठरलं. जुळणीसाठी पुन्हा चार थेंब घ्यावे लागले— मी सुई बाजूला ठेवली. सिस्टरांनी घेतले.

२३ फेब्रुवारी
बाळ गुलाबी झालंय. दूध पितंय. आईने त्याला छातीशी धरलं होतं. "इतक्या तपासण्या दुसऱ्या कुणी केल्या असत्या का, मॅडम! तुमच्यामुळे वाचलं."

मी सांगितलं तिला. सगळं.

ती दोन्ही हातांनी बाळ झाकून म्हणाली, "आता तुम्ही हात लावू नका त्याला."