फोन वाजण्याआधीची खरखर

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा संशय माझ्या मनातून गेलेला नाही. मागच्या महिन्यात तो जायला हवा होता.

माणमधलं आपलं स्वयंपाकघर. दुपारी भाकऱ्या उरकून आई रेडिओ लावून बसली आहे आणि शेजारी फळीवर तुमचा तो बटणांचा टू-जी फोन आहे, फौजेतून परतल्यावर घेतलेला. तो वाजण्याआधी रेडिओ टर्र टर्र खरखरायचा. त्या जुन्या फोनच्या लहरी तुकड्यातुकड्यांनी सुटायच्या म्हणून तसं व्हायचं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की खरखर झाली की रिंग वाजायच्या आत तुम्ही फोन उचलून माळाकडे निघता.

“आवं, रोज कुणाचा फोन?” आई विचारायची.

“हाय एक फौजेतला. घरात रेंज न्हाई,” तुम्ही म्हणायचात. पण रेंजच्या काड्या मी आधीच बघितलेल्या असायच्या. पुऱ्या असायच्या.

एका दुपारी फोन मी उचलला. पलीकडून बाईचा आवाज आला, “आवं, बोला की.” मी फोन बंद केला आणि आईला सांगितलं. त्या दिवसापासून तुमचं ताट वाढून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसू लागली. त्याच आठवड्यात तुमच्या फोनचं मागचं झाकण काढून ते इवलंसं सिमकार्ड मी चुलीत टाकलं. सगळे नंबर त्यातच होते. “कार्ड कुठं पडलं कोन जाणं,” तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात. दहिवडीहून नवं कार्ड, नवा नंबर आणलात आणि पुन्हा माळावर गेला नाहीत. मनात काही नसतं तर माणसानं शोध घेतला असता, असं मी धरून चालले.

मागच्या महिन्यात कवठे महांकाळहून एक म्हाताऱ्या बाई सांगलीत मी शिकवते त्या शाळेत आल्या. त्यांचे यजमान तुमच्या पलटणीतले. फौजेत असताना झालेल्या एका स्फोटानंतर त्यांचं डोकं फिरलं, कुणाच्या हातचं खाईनात.

“दुपारी मी फोन लावायची,” त्या म्हणाल्या. “तुमचं वडील हुकूम सोडायचं, ‘जवान, जेवून घे.’ मग ह्ये जेवायचं. फोन लागंना झाला तवा लय हाल झालं वो. जास्त दिवस काढलं न्हाईत.”

“मग आबांनी घरी का नाही सांगितलं?”

“ह्यांनीच शपथ घातलेली. येडा झालो ह्ये कुनाला सांगू नगंस म्हनून.”

“कार्ड हरवलं होतं,” मी म्हटलं. त्यांनी माझा हात हातात धरून ठेवला.

पण आबा, त्यांचं गाव तुम्हाला ठाऊक असणारच. एकदा एसटीनं जाऊन का आला नाहीत? की कार्डाचं काय झालं ते तुम्ही ओळखलं होतं, आणि घर शांत राहावं म्हणून त्या माणसाला सोडून दिलंत?

आईला मी सगळं सांगितलं, कार्डाचं सोडून. ती खूप रडली. बाईंनी आणलेला फोटो मी पाहिला, हेही तिला सांगितलं: तुम्ही आणि बाईंचे यजमान गणवेशात, कडेला पदर सावरून त्या उभ्या. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते. तो फोटो हातात घेऊन मी तुमची नजर कुणाकडे आहे, तेच बघत होते.