चार बोटं बर्फ

लडाख, पौष

आईला सांबप्पाचं हात जोडून शरणार्थ. मी खुशाल हाय, घोंगडी मिळाली.

इथली नदी गोठलीय. फौजेच्या खेचरांचा तांडा तिच्यावरून जातो, म्हणून सकाळी मी पुढं जाऊन पहारीनं बर्फाला भोक पाडतो. आत काठी घालतो. टोकाचा आकडा बर्फाखाली अडकला की काठीवरच्या खुणांवरून जाडी कळते. वीतभर असला तरच जनावरं सोडायची.

काल चारच बोटं भरला. खेचरं हाकणारा आपला पाथरीचा भुजंग म्हणला, "परवा तर वीतभर होता. उगं भ्यायलास!" अन् निघाला. दहा पावलांवर बर्फ कडाडला. खेचर बुडालं. भुजंग छातीपर्यंत गेला. मी पालथं पडून काठी पुढं केली, आकडा त्याच्या पट्ट्यात अडकवून ओढलं. वाचला, पण पाय बधिर हायेत. त्याच्या आईला, धुरपताबाईला, सांगू नको.

महानंदाताईचं लेकरू चालायलंय का?

साहेबांनी विचारलं, "काम बदलून देऊ?" बर्फावर पाय ठेवायची लय भीती वाटायलीय, आई. तरी न्हाई म्हणलो. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला चार बोटांची वीत दिसली तर, ह्याची भीती त्याहून मोठी हाय.

तुझाच,
सांबप्पा